तंबू हलवू नका

३ मे
अवजारांची खोली

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आज पहाटे परत घेतले.

साडेपाचला फवारे सुरू झाले तेव्हा "हल्ला! हल्ला!" असं ओरडत जी पोरगी एकाच पायात बूट घालून तंबूतून बाहेर पडली, ती माझ्या सख्ख्या भावाची लेक आहे हे मला तिच्या दुसऱ्या पायातल्या मोज्यावरून कळलं. तो मोजा मी विणलाय. बयो, तो हल्ला नव्हता. ते फवारे गेली सव्वीस वर्षं रोज साडेपाचला सुरू होतात. तुमची छावणी दोन दिवसांची. कोण कोणाच्या वाटेत आलं ते तूच ठरव.

आता विचारशील, पन्नास पावलांवर बसून आत्या पत्र कशाला लिहिते? काल कार्यालयातून परिपत्रक आलं. छावणीतल्या विद्यार्थ्यांशी कर्मचाऱ्यांनी बोलू नये, फोन करू नये, खाणाखुणा करू नयेत. लिहू नये असं कुठेही नाही, मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मी इथली हेड माळी, महिनाअखेरीला निवृत्त होणार. जाता जाता नियम मोडायचा नाही, पण त्याला वळसा घालायला माझी काही हरकत नाही. हिरवळीच्या कोपऱ्यात पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी पेटी आहे, तिच्या झाकणाखाली उत्तर ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

दादाला मी काही कळवलेलं नाही. काल त्याचा फोन होता, "परीक्षा संपल्या, आता भिंगरी दिवसभर करते काय?" मी म्हटलं, "मोकळ्या हवेत वाचत बसते." पंचवीस तारखेला तुला पदवी मिळेपर्यंत मला आणखी खोटं बोलायला लावू नकोस. मला ते जमत नाही.

दोन सूचना. खुंट्या वीतभरापेक्षा खोल ठोकू नका, खाली नळ आहेत. आणि तंबू हलवू नका. आहेत तिथेच राहू द्यात. अजिबात हलवू नका.

तुझी
आत्या


४ मे
तंबू क्रमांक सात

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. अगदी खराखुरा साष्टांग, कारण या तंबूत दुसऱ्या कुठल्याच अवस्थेत लिहिता येत नाही.

तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं (मोज्याचा भाग गाळून). "तंबू हलवू नका" हे वाक्य आलं आणि अख्ख्या छावणीने टाळ्या वाजवल्या. आत्या, तू आमच्या बाजूची आहेस हे आधी का नाही सांगितलंस? आता ते वाक्य पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत रंगवून फाटकाशी लावलंय. खाली "हेड माळी" असं लिहिणार होते, तेवढं मी थांबवलं.

बाबांना सांगू नकोस हे उत्तम. पण तुला तरी माहीत असावं म्हणून सांगते. गाझावर जी विमानं बॉम्ब टाकताहेत, त्यांच्यातला एक लहानसा भाग आपल्याच एका प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या संशोधनावर चालतो. तो करार विद्यापीठाने मोडावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. रोज बारा वाजता मी नावं वाचते. तिथे मेलेल्या माणसांची, वयासकट. काल एकाच आडनावाची अकरा नावं ओळीने आली. शेवटच्याला वर्षही पूर्ण नव्हतं. तिथे माझा आवाज अडकला आणि नेमकं तेव्हाच तुझं गवत कापायचं यंत्र माझ्या मागून घरघरत गेलं. आत्या, बारा ते साडेबारा तेवढं बंद ठेवता येईल का?

दुसरं दुःख घरगुती आहे. माझी रूममेट समोरच्या मोठ्या झाडाखाली टेबल मांडून बसते. हो, तीच, रविवारी माझ्याबरोबर तुझ्याकडे जेवायला येणारी. तिच्या टेबलावर इस्रायलमधून ओलीस नेलेल्यांचे फोटो आहेत. सगळ्यांत डावीकडचा तिचा मावसभाऊ. त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर मला चहाच्या केटलमध्ये अंडी उकडायला शिकवलं होतं, केटल जळाली आणि तो पोट धरून हसला होता. आता आम्ही दोघी बोलत नाही. ती म्हणते तुमच्या घोषणा ऐकल्या की मला आवारात एकटीने फिरायची भीती वाटते. मी म्हणते तुझ्या टेबलावर आमच्या अकरांसाठी जागा नाही. नवी केटल खोलीत आहे आणि खोलीत जायचं दोघीही टाळतो, म्हणजे दोन्ही बाजूंना चहा नाही.

जाता जाता एक विचारायचं होतं. आमच्या तंबूंखालचं गवत पहिल्या सकाळपासूनच पिवळं आहे. आम्ही आलो तेव्हा तिथे तू दोरी बांधून "काम चालू" अशी पाटी लावली होतीस. काम तर कुठलंच दिसलं नाही. काय होतं तिथे?

तुझी
भिंगरी


६ मे

भिंगरे,

तो पुठ्ठा आधी काढा. मी कोणाच्याही बाजूची नाही. मी गवताच्या बाजूची आहे आणि त्याला कोणी विचारलेलं नाही.

यंत्राचं म्हणशील तर गवत कोरडं असतानाच कापावं लागतं, आणि ते कोरडं होतं बाराला. तुमच्या सभेची वेळ बदला. हे यंत्र माझ्या हाती यायला मला किती वर्षं लागली ते तुला ठाऊक नाही. मी इथे लागले तेव्हा बायकांनी फक्त कुंड्यांना पाणी घालायचं. त्या वेळचे कुलसचिव म्हणाले होते, "बाईच्या हाती यंत्र दिलं तर हिरवळीची वाट लागेल." त्यानंतर मी ते यंत्र हाती घेतलं आणि सव्वीस वर्षांत हिरवळीला डाग लागू दिला नाही. एकतीस तारखेला माझ्या निरोपाला पितळेची पाटी लावणार आहेत. मजकूर मला दाखवला. "सव्वीस वर्षे निष्कलंक." कोरूनही झालीय. मी ती रोज बघून येते, हे कोणाला सांगू नकोस.

गवत पिवळं का? बुटांनी. तीसचाळीस जण दिवसरात्र तुडवायला लागले तर दुसरं काय होणार! आणि दोरी होती ती असायची म्हणून होती. हा विषय पुन्हा काढू नकोस. तंबू मात्र हलवू नका, हे तिसऱ्यांदा सांगते आहे.

तुझ्या रूममेटला मी सकाळी बघितलं. वाळली आहे. टेबलाला सावली जेमतेम झाडाच्या एका खालच्या फांदीची, ती मी कापणार होते, पण ठेवली. त्यावरून उद्या तिच्या टेबलावाल्यांनी मला त्यांच्या बाजूची ठरवू नये म्हणजे मिळवली.

मला त्या लढाईतलं काही कळत नाही, असं इथे लिहिणार होते. पण काल तू वाचलेलं एक नाव डोक्यातून जाईना. वय चार. यंत्राच्या आवाजातून तेवढंच नेमकं कसं ऐकू आलं कोण जाणे.

आत्या


८ मे, सकाळ

आत्याबाई,

बघितलं हं आम्ही! काल बाराच्या ठोक्याला तुझं यंत्र वळलं आणि थेट ग्रंथालयाच्या मागे निघून गेलं. तिथे तर गवतच नाही, नुसती फरशी आहे. साडेबाराला परत. गवताच्या बाजूची म्हणे!

म्हणून आम्हीही तुझ्यासाठी काहीतरी केलंय. तुझं "बुटांनी" वाचून मला रात्री झोप लागली नाही. सव्वीस वर्षांची तुझी हिरवळ आणि ती मी तुडवली, तीही तुझ्या शेवटच्या महिन्यात. आज सकाळी सगळ्यांची सभा घेतली. ठराव एकमताने पास झाला, आमच्या इतिहासातला पहिला. आठ वाजेपर्यंत अकराच्या अकरा तंबू उचलून पलीकडच्या मुरमाड जागेवर नेले. पाठीला खडे टोचतात, पण गवत आता मोकळा श्वास घेतंय. तू नको नको म्हणत होतीस ते आमच्या पाठींची काळजी म्हणून, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

पिवळं मात्र फारच आहे गं. आणि गंमत म्हणजे पट्टे अगदी सरळ आहेत, दोन-दोन हात रुंद, फूटपट्टीने आखल्यासारखे. तंबू तर गोल. आमच्यातला गणितवाला मघापासून गुडघ्यावर बसून डोकं खाजवतोय.

आता एक वाईट गोष्ट. काल संध्याकाळी झाडाखालचं टेबल रिकामं असताना आमच्यातला एक जण तिथे गेला आणि त्याने डावीकडचा फोटो टराटरा फाडला. मी दहा पावलांवर होते. बघितलं आणि गप्प बसले. तासाभराने त्यांच्यातल्या कोणीतरी आमच्या नावांच्या यादीवर बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा मात्र मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. आत्या, मला माझाच राग आलाय.

भिंगरी


८ मे, दुपार

भिंगरे,

तंबू परत जागेवर न्या. आज. आत्ता. कारण विचारू नकोस.

दुसरं. तुझ्या हातून फोटो फाटला नाही, पण बघून तोंड बंद ठेवलंस ते तुझ्याच हातून झालं. जी गोष्ट आपल्याला माहीत आहे, आणि आपण गप्प बसल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान होणार आहे, ती उरात घेऊन फिरायला लाज कशी वाटत नाही? डिंक घे, जा, तुकडे गोळा कर आणि तिच्यासमोर चिकटव. ती काय म्हणेल याचा विचार करत बसलीस तर कधीच होणार नाही.

हे लिहून मी ते पुन्हा वाचलं. मग थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं.

कुलसचिवांनी मला चारला बोलावलंय. निरोपाच्या खुर्च्यांबद्दल असेल. त्यांची खिडकी नेमकी त्या बाजूला उघडते.

आत्या


१० मे
मुरमाड जागा

ती. आत्यास नमस्कार,

तंबू परत न्यायला गेलो तर सुरक्षारक्षक आडवे. पिवळ्या जागेभोवती दोरी, फोटो काढणं चालू. कुलसचिवांना खिडकीतून दिसलं म्हणे.

आधी फोटोचं सांगते. पाच तुकडे सापडले, सहावा तिच्याकडेच होता, वहीत जपून ठेवलेला. मी तिच्यासमोर बसून चिकटवलं. मावसभावाचा एक कान अजून वाकडा आहे. मी म्हटलं, "मी बघत होते आणि बोलले नाही." तिने फोटो उजेडात धरून बघितला. मग म्हणाली, "डिंक कमी पडलाय." नऊ दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी आणखी डिंक लावला.

आता दुसरं. तू रागावशील. हिरवळीवर बसणं नियमात बसतं, त्यासाठी ते आम्हाला हात लावू शकत नव्हते. पण मालमत्तेचं नुकसान केलं तर नाव काढून टाकता येतं. काल नोटीस आली, अकराही तंबूंना. पदवी रोखणार, नावं कमी करणार. आमच्यातल्या दोघी तर त्यांच्या घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. मी रात्रभर विचार केला. ठराव माझा, छावणीची जागा मी निवडलेली, आणि पिवळं बुटांनी झालं हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं, कारण तू मला सांगितलं होतंस. तेव्हा आज सकाळी लिहून दिलं: नुकसान माझ्या एकटीमुळे झालं, बाकीच्यांचा संबंध नाही. खाली सही.

परवा, म्हणजे बारा तारखेला, सकाळी अकरा वाजता सुनावणी. तुझा अहवाल आला की निकाल लागेल असं म्हणाले. तू खरं तेच लिही आत्या, माझ्यासाठी शब्द मऊ करू नकोस. बाबांना मीच सांगेन. कसं ते अजून सुचलेलं नाही. तीन वर्षं ते सगळ्यांना सांगताहेत की भिंतीवर पदवीसाठी खिळा ठोकून ठेवलाय.

तुझ्या पाटीच्या आधी तुझी हिरवळ खराब केली, त्याची माफी.

भिंगरी


११ मे
अवजारांची खोली

माझ्या लाडक्या वेडे पोरी,

सही करण्याआधी मला विचारायचंस तरी. पण मी तुला कुठे विचारलं होतं.

ते बूट नव्हते. मी होते.

एप्रिलच्या चोवीस तारखेला पदवीदानासाठी हिरवळीला युरिया टाकला. खत पसरवायची जी ढकलगाडी आहे तिला खाली एक फट असते, ती खाचेवर लावायची. तीन नंबरची खाच लावायची, मी सहाची लावली, म्हणजे खत दुप्पट. चष्मा दुरुस्तीला दिला होता आणि माझा तोरा असा की ही गाडी मी डोळे मिटून लावते. वर पाणी द्यायचं ते दुसऱ्या दिवसावर ढकललं, कारण पाटीचा मजकूर वाचायला बोलावलं होतं. तीन दिवसांनी गाडीच्या रुंदीचे सरळ पट्टे जळून पिवळे. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चूक. मी दोरी बांधली, "काम चालू" लावलं, आणि देवाला म्हटलं काहीतरी कर.

मग एक तारखेला तुम्ही आलात आणि नेमक्या त्याच जागेवर अकरा तंबू ठोकलेत. भिंगरे, लोकांना वाटलं हेड माळी संतापेल. मला हायसं वाटलं. माझी लाज कोणीतरी वरून झाकली. "तंबू हलवू नका" ते त्यासाठी. आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्यात.

आठ तारखेला कुलसचिवांनी अहवाल मागितला तेव्हा मी अर्धं पान लिहिलंसुद्धा. "कारण: तुडवणे." सही तेवढी केली नव्हती. तुला फोटोबद्दल जे शहाणपण शिकवलं तो कागद खाली आणि हा कागद वर, एकाच टेबलावर. काल तुझं पत्र वाचलं आणि ते अर्धं पान फाडलं. तुझी पदवी जाणार आणि माझी पाटी राहणार, असं मी होऊ दिलं असतं का? दोन दिवस होऊ देत होते. ते तू विसरू नकोस, मीही विसरणार नाही.

हे लिहीत असताना तुझी रूममेट खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. फोन पुढे केला. सत्तावीस एप्रिलचा फोटो, ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून, आईला पाठवायला काढलेला. तंबू एकही नाही, पट्टे सगळे. म्हणाली, "आत्या, हे मी कार्यालयात दाखवू शकते. पण आधी तुम्हाला विचारावं असं वाटलं." मी विचारलं, "तिची बाजू तुला पटत नाही ना?" म्हणाली, "नाही पटत. पण हे तिने केलेलं नाही." मी म्हटलं, फोटो ठेव जपून, उद्या आधी मला बोलू दे. माझी चूक आहे, ती माझ्याच तोंडून बाहेर पडायला हवी. जाताना म्हणाली, केटल खिडकीत ठेवली आहे, भिंगरीला सांगा. सांगितलं.

तुझी
आत्या


१२ मे

प्रति, मा. कुलसचिव यांस
विषय: हिरवळीच्या नुकसानीचा अहवाल
प्रत: तंबू क्रमांक सात

महोदय,

आपण विचारल्याप्रमाणे पाहणी करून अहवाल देत आहे.

नुकसान: पिवळे पट्टे नऊ, प्रत्येकी दोन हात रुंद.
नुकसानीचे कारण: हेड माळी.

मी दिनांक २४ एप्रिल रोजी युरिया दुप्पट टाकला व पाणी दिले नाही. छावणी एक मे रोजी आली, त्याआधीच गवत जळालेले होते. ज्या विद्यार्थिनीने दोष स्वतःवर घेतला आहे तिला तो मीच खोटा सांगितला होता, त्यामुळे तिची सही रद्द समजावी व माझी ग्राह्य धरावी. तंबू हलवू नका असे मीच लिहिले होते, ते छावणीला पाठिंबा म्हणून नव्हे तर पट्टे झाकण्यासाठी. पाठिंबा देण्याइतकी मी त्या वेळी प्रामाणिक नव्हते.

गवत पुन्हा पेरावे लागेल. महिनाअखेरीपर्यंत भरून येणार नाही. पितळी पाटीवरील "निष्कलंक" हा शब्द घासून काढावा ही विनंती.

आपली विश्वासू
हेड माळी


१३ मे

आत्या,

काल तुझ्याशी बोलायला बंदी होती म्हणून सुनावणीत गप्प बसले, नाहीतर रडले असते आणि शिवाय भांडलेही असते.

भांडण आधी. पाच दिवस मी स्वतःला तुझ्या हिरवळीची मारेकरी समजत होते. खड्यांवर झोपले गं! पाठीवर अजून वळ आहेत. ते मी रविवारी वसूल करणार आहे, जेवण तुझं, भांडी तुझी, आणि मी नुसती बसून राहणार.

आता बाकीचं. तू उभी राहून तो अहवाल वाचलास तेव्हा कुलसचिवांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला: "म्हणजे तंबूंमुळे काहीच नुकसान नाही?" आणि तू म्हणालीस, "चव्वेचाळीस भोकं पडली आहेत, साहेब. जमिनीत हवा जावी म्हणून तशी भोकं पाडायला मी दरवर्षी माणसं लावते. यंदा पोरांनी करून दिली." गणितवाला तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. पण "सव्वीस वर्षांचा नेम माझ्याच हातून मोडला, हे मला आधीच सांगता यायला हवं होतं" असं तू म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज नावं वाचताना माझा होतो तसा झाला. तेव्हा मी खाली बघितलं.

नोटिसा रद्द. पदवीदान सभागृहात हलवलंय, हिरवळ दाखवायची लाज वाटते म्हणून. करारासाठी एक समिती नेमली आहे. समिती म्हणजे काय ते आम्हाला कळतं, म्हणून तंबू अजून उठवलेले नाहीत.

आज बाराला मी नावं वाचली. संपल्यावर माझी रूममेट झाडाखालून उठून इकडे आली. हातात तो वाकड्या कानाचा फोटो. म्हणाली, "ह्याचंही वाचशील? मेलेला म्हणून नाही, परत यावा म्हणून." मी वाचलं. वयासकट. आमच्यातले चौघे उठून निघून गेले, आणि तिच्या टेबलावरचे दोघे तिच्याकडे पाठ करून बसले. ती उभी राहिली, मीही. मग ती म्हणाली, "आता तुझे अकरा पुन्हा वाच, मी उभी राहते." वाचले. ती शेवटपर्यंत उभी होती. आम्ही अजूनही एकमेकींशी सहमत नाही. चहा मात्र केला. दोन्ही बाजूंना पुरला.

तुझं यंत्र ग्रंथालयामागे फरशी कापत होतं, तेही ऐकलं.

तुझीच
भिंगरी


९ जून
घर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (आता सतरंजीवर),

तुझ्या निरोपाचा फोटो आज टपालाने आला. तू छान दिसतेस. फोटोवाला तुला दुसऱ्या, हिरव्या टोकाला उभं करत होता आणि तू हटून बसलीस, हे रूममेटने कळवलंच होतं. नऊच्या नऊ पट्टे आलेत, तुझ्या पायापासून भिंतीपर्यंत. पाटीही दिसते. "सव्वीस वर्षे" आणि पुढे घासलेली रिकामी जागा.

रूममेटच्या मावसभावाची अजून काही बातमी नाही. ती रोज फोन करते, मी रोज विचारते. गाझातल्या नावांची यादीही रोज वाढतेच आहे. हे सगळं तुला हसत हसत लिहिता येत नाही, म्हणून एवढंच लिहिते.

आता बाबांचं. त्यांनी सभागृहातली लाल सतरंजी, टोप्या, टाळ्या सगळं बघितलं होतं, पण हिरवळ बघितलीच नव्हती. माझी पदवी कधीच चौकटीत घालून त्या खिळ्यावर लागली आहे. तुझा फोटो हातात घेऊन ते चष्मा वर-खाली करत राहिले. म्हणाले, "तुझ्या आत्याचा फोटो बिघडवलाय यांनी. बघ, सगळीकडे पिवळे पट्टे आलेत. परत पाठव, नवा मागव."

मी म्हटलं, "बाबा, फोटो बरोबर आहे. ते पट्टे म्हणजे माझी पदवी आहे."

मग सगळं सांगितलं. फवाऱ्यांपासून. मोज्यासकट. मध्ये दोनदा ते उठून पाणी पिऊन आले. "मोकळ्या हवेत वाचत बसते" पाशी त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते तुला लिहिण्यासारखं नाही, तुझी पाळी पुढच्या फोनवर आहे. सांगून संपलं तेव्हा ते उठले. खुर्ची घेतली, वर चढले, पदवीची चौकट काढली आणि माझ्या हातात दिली. त्या खिळ्यावर तुझा फोटो लावला. दोनदा सरळ केला.

पदवीसाठी दुसरा खिळा उद्या आणणार आहेत.

तुझी
भिंगरी